फरशीचं आयुष्य ठरवणारा कोबा

दहा-बारा वर्षं ज्या फरशीवर घरातल्यांचा वावर झाला, ती एखाद्या रात्री मोठा आवाज करून अचानक उसळते. शेजारी जागे होतात, कुणाला भूकंप वाटतो, कुणाला सिलिंडरचा स्फोट. दिवा लावून पाहावं, तर हॉलच्या मधोमध दोन टाइल्स कडेला कड टेकवून जमिनीपासून चांगल्या वर उचलल्या गेलेल्या असतात. कुणी जड वस्तू आपटलेली नसते, पाणी मुरलेलं नसतं. बऱ्याचदा टाइलला साधा तडाही नसतो. मग हे घडतं कसं? आणि त्याच इमारतीतल्या दुसऱ्या घरात, त्याच कंपनीच्या टाइल्स असूनही, असं काही का होत नाही?

या प्रश्नाचं उत्तर टाइलमध्ये क्वचितच सापडतं. ते टाइलखालच्या दोन इंचांत दडलेलं असतं. आपण दुकानात तासन्‌तास रंग आणि चकाकी निवडतो, पण टाइल ज्याला धरून राहणार आहे, त्या थराकडे पाहतही नाही. म्हणून आज त्या थराचीच ओळख करून घेऊ.

स्लॅब आणि टाइल यांच्या मधला थर

स्लॅब हा इमारतीचा भार पेलण्यासाठी ओतलेला असतो. तो मजबूत असतो, पण सपाट क्वचितच. कुठे इंचभर उंच, कुठे खोल, शिवाय वरून विजेचे आणि पाण्याचे पाइप गेलेले. ही विषमता झाकून एकसारखी पातळी तयार करण्यासाठी त्यावर सिमेंट आणि वाळूचा जो थर पसरतात, तो कोबा. हल्ली साइटवर त्याला स्क्रीड असंही म्हणतात. साधारणपणे १ भाग सिमेंटला ३ ते ४ भाग वाळू, आणि पाणी अगदी बेताचं. मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की गोळा टिकला पाहिजे, पण बोटांना पाणी सुटता कामा नये.

स्लॅबला चिकटवलेला कोबा २५ ते ४० मिलिमीटर जाडीचा असला तरी चालतो, कारण त्याला खालच्या काँक्रीटचा आधार असतो. मात्र त्यासाठी स्लॅबवर टाचे मारून पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. मग धूळ झाडून, स्लॅब ओला करून, सिमेंटच्या घट्ट पाण्याचा हात देऊन, तो हात ओला असतानाच कोबा टाकावा लागतो. खाली प्लास्टिकचा कागद अंथरून कोबा टाकायचा असेल, तर त्याला स्लॅबची पकड मिळत नाही. अशा वेळी जाडी किमान ५० मिलिमीटर हवी, नाहीतर तो वाळताना कडेने वर वळतो आणि चालताना डुगडुगतो.

जुनी फरशी टिकायची, नवी का सुटते?

आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा सिमेंटच्या मोझेक फरश्या असत. त्या बसवताना ओल्या किंवा दमट मसाल्याची जाड गादी पसरत, वर सिमेंटचं पाणी ओतत आणि फरशी ठोकून बसवत. या पद्धतीला तेव्हा कोब्याची स्वतंत्र तयारी फारशी लागत नसे. सिमेंटची फरशी पाणी पिते, दगडाची पाठ खडबडीत असते. त्यामुळे सिमेंटचं पाणी फरशीच्या बारीक छिद्रांत आणि खाचांत शिरून तिथेच घट्ट होई. दोन फरश्यांमध्ये सांधाही चांगला रुंद सोडलेला असे.

आजची व्हिट्रिफाइड टाइल वेगळ्या जातीची आहे. ती खूप उंच तापमानाला भाजलेली असते आणि तिची पाणी शोषण्याची क्षमता वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षाही कमी असते. सिमेंटच्या पाण्याला शिरायला तिच्यात जागाच नाही. जुन्या पद्धतीने सिमेंट ओतून ती बसवली, तर सिमेंट वाळून टाइलच्या पाठीपासून एखाद्या पापुद्र्यासारखं सुटू शकतं. म्हणून या टाइलसाठी खास चिकट मसाला, म्हणजे टाइल अॅडहेसिव्ह, वापरतात. त्यातले पॉलिमर गुळगुळीत पाठीलाही धरतात. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १५४७७ हे मानक या मसाल्यांसाठीच आहे.

पण अॅडहेसिव्हचा थर असतो जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा. जाड गादी खालचे उंचसखल भाग पोटात घेत असे, पातळ थराला ते जमत नाही. म्हणजे टाइल बदलली, तशी बसवण्याची पद्धत बदलली, आणि पद्धत बदलल्यामुळे कोब्याचं महत्त्व अनेक पटींनी वाढलं. अडचण अशी, की बहुतेक घरांत पहिल्या दोन गोष्टी बदलल्या आणि तिसरी जुन्याच सवयीने चालू राहिली.

एका मिलिमीटरची ताकद

आता उसळणाऱ्या फरशीकडे वळू. सिमेंटचा कोणताही थर वाळताना आकसतो. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आयएस ४५६ या मानकात आराखड्यासाठी हे आकसणं ०.०००३ धरायला सांगितलं आहे, म्हणजे दर मीटरला ०.३ मिलिमीटर. ५ मीटर लांबीच्या हॉलमध्ये ते दीड मिलिमीटर होतं. कोब्यात पाणी आणि सिमेंट जास्त असेल, तर आकसणं आणखी वाढतं.

टाइल मात्र आकसत नाही. तिचं जे काही व्हायचं होतं, ते भट्टीत होऊन गेलेलं असतं. कोबा आकसण्याआधीच टाइल्स बसवल्या, तर खालची जमीन आखडते आणि वरच्या टाइल्स तेवढ्याच लांबीच्या राहतात. त्या एकमेकींवर रेटा देऊ लागतात. त्यात तापमानाची भर पडते. काँक्रीट आणि टाइल गरमी-थंडीत सारख्या प्रमाणात लांब-आखूड होत नाहीत. काँक्रीटचं प्रमाण टाइलपेक्षा जास्त असतं. थंडीच्या रात्री खालचं काँक्रीट टाइलपेक्षा अधिक आखडतं, तेव्हा हा रेटा वाढतो. म्हणूनच उसळण्याचे प्रकार अनेकदा हवामान झपाट्याने पालटतं, त्या दिवसांत घडतात.

एवढ्याशा आकसण्याने टाइल इतकी वर कशी येते? हिशेब शाळेतल्या पायथागोरसच्या सिद्धांताचा आहे. ६०० मिलिमीटरच्या दोन टाइल्स शेजारीशेजारी आहेत आणि त्यांची एकूण जागा फक्त १ मिलिमीटरने कमी झाली असं समजा. टाइल दबून लहान होणार नसेल, तर त्यांचा मधला सांधा वर उचलला जाईल, आणि तो तब्बल २४ मिलिमीटर वर जाईल. जमिनीत १ मिलिमीटर कमी, तर वर जवळपास इंचभर उंचवटा.

हा रेटा वर्षानुवर्षं साठत राहतो. टाइलची पकड चांगली असेल, तर ती तो सहन करते. पकड जिथे सर्वांत कच्ची असेल, तिथे ती एका क्षणी सुटते आणि साठलेला सगळा रेटा तिथूनच बाहेर पडतो. रात्रीचा तो आवाज याच क्षणाचा असतो. ज्या घरात उसळत नाही, तिथे एकतर कोबा आधी पुरेसा आकसलेला असतो, किंवा सांध्यांत जागा सोडलेली असते, किंवा पकड सगळीकडे सारखी पक्की असते.

कडक होणं वेगळं, वाळणं वेगळं

कोब्यावर आधी आठवडाभर पाणी मारा आणि मग तो वाळू द्या, हे ऐकून अनेकांचा गोंधळ उडतो. वाळवायचाच आहे, तर भिजवायचा कशाला?

सिमेंट वाळून कडक होत नाही. ते पाण्याशी रासायनिक संयोग होऊन कडक होतं. या क्रियेत तयार होणारे अतिसूक्ष्म तंतू आणि पापुद्रे वाळूच्या कणांना बांधून ठेवतात. ही क्रिया चालू असताना पाणी उडून गेलं, तर ती अर्धवट थांबते आणि कोबा भुसभुशीत राहतो. म्हणून त्याला ओला ठेवायचा. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस, असं आयएस ४५६ सांगतं. फ्लाय अॅशचं सिमेंट आज आपल्याकडे सर्रास वापरलं जातं, त्यामुळे १० दिवसांचाच नियम धरलेला बरा.

दुसरा टप्पा वाळण्याचा. सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक रीतीने बांधून घेतं. ५० किलोच्या गोणीला हे प्रमाण सुमारे साडेअकरा लिटर होतं. पण कालवण्यासाठी आपण गोणीमागे २५ लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी घालतो. उरलेलं पाणी कोब्याच्या छिद्रांत अडकून राहतं. खाली स्लॅब, बाजूंना भिंती, त्यामुळे त्याला वाट फक्त वरून. हे पाणी हळूहळू बाहेर पडतं, तसतसा कोबा आकसतो.

यासाठी एक ढोबळ नियम वापरतात. चांगल्या हवेशीर खोलीत कोबा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाळतो. ५० मिलिमीटरला ५० दिवस. त्याहून जाड थराला प्रत्येक पुढच्या मिलिमीटरसाठी जास्त वेळ लागतो. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकी आर्द्रता असते, की हा नियमही अपुरा पडतो. लाकडी किंवा व्हिनाइलच्या जमिनीसाठी कोबा खडखडीत वाळलाच पाहिजे. टाइलच्या बाबतीत थोडा ओलावा चालतो, पण आकसण्याचा मोठा भाग होऊन जाण्यासाठी पाणी मारणं थांबवल्यावर किमान ३ आठवडे तरी थांबावं. पंखे लावावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हीटर लावून किंवा कडक उन्हात घाईने वाळवल्यास वरचा भाग आधी आकसतो, खालचा मागे राहतो आणि भेगा पडतात.

सिमेंटची साय

दूध तापवून ठेवलं की स्निग्धांश वर येऊन साय धरते, तसंच कोब्याचं होतं. मिश्रणात पाणी जास्त असेल, तर जड वाळू खाली बसते आणि पाणी वर चढतं. येताना ते सिमेंटचे आणि मातीचे अतिबारीक कण सोबत आणतं. वर पसरलेला हा पातळ थर वाळल्यावर गुळगुळीत, फिकट आणि दिसायला छान असतो. गवंड्याने लोखंडी थापीने जास्त घोटलं किंवा वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं, तर ही साय आणखी जाड होते.

साय दिसायला कितीही सुंदर असली, तरी ती खालच्या थराला धड धरून नसते. तिच्यावर उत्तम अॅडहेसिव्ह लावलं, तरी ते सायीला चिकटतं, कोब्याला नाही. पुढे रेटा आला की टाइल, अॅडहेसिव्ह आणि साय असं सगळं एकत्र उखडतं. उसळलेली टाइल उलटी करून पाहिली आणि तिच्या पाठीला पांढुरकी भुकटी धरलेली दिसली, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

ओळखायला सोपं आहे. कोब्यावर खिळ्याने उभ्याआडव्या रेघा मारा. बारीक ओरखडा उमटला तर ठीक. खोल चर पडून भुकटी निघाली, तर वरचा थर कच्चा आहे. तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने तो खरवडून वाळूचे कण दिसू लागेपर्यंत काढावा आणि व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यावी. नुसत्या केरसुणीने झाडल्यास बारीक धूळ छिद्रांत बसून राहते.

आणखी एक धोका आजच्या फ्लॅटमध्ये हमखास असतो. भिंतींना जिप्समचा गिलावा आणि छताला पीओपी करताना त्याचे गोळे जमिनीवर पडतात आणि चिकटून बसतात. जिप्सम आणि सिमेंट यांचा ओलाव्यात संयोग झाला, की एट्रिंजाइट नावाचे स्फटिक तयार होतात. ते वाढताना जागा मागतात आणि पकड तोडतात. म्हणून जिप्समचा प्रत्येक डाग छिन्नीने खरवडून काढलाच पाहिजे. रंग, तेल आणि ग्रीसचे डागही तसेच.

सपाट म्हणजे किती सपाट?

लेव्हल आणि सपाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाथरूमची जमीन उताराची असते, तरी ती सपाट हवी, म्हणजे उतार एकसारखा हवा.

लेव्हलसाठी पाण्याची पारदर्शक नळी हे आजही भरवशाचं साधन आहे. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर थांबतं, नळी मधे कितीही वळलेली असली तरी. फक्त आत हवेचा बुडबुडा नको. तिच्या साह्याने सगळ्या भिंतींवर जमिनीपासून सोयीच्या उंचीवर एकच खूण करतात आणि तिथून खाली मोजतात. जिथे माप सर्वांत कमी, तो सर्वांत उंच बिंदू. कोब्याची पातळी त्यावरून ठरते. दारं उघडायला जागा राहील ना, हेही याच वेळी पाहायचं.

सपाटीसाठी २ मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा सरळ पाटा जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवावा. त्याखाली कुठेही ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. टाइल जितकी मोठी, तितकी ही अट कडक. एक फुटाची टाइल लहान खोलगटात वळण घेऊन बसते. चार फुटांची टाइल खड्ड्यावर आडवी राहते आणि तिच्याखाली पोकळी उरते. पुढे तिथे खुर्चीचा पाय टेकला, की टाइल पोकळ वाजते किंवा तडकते.

खड्डा अॅडहेसिव्हने भरून काढण्याचा मोह टाळावा. अॅडहेसिव्हही वाळताना आकसतं. जिथे थर जाड, तिथे जास्त आकसतं, आणि टाइलची कड खाली ओढली जाते. उंचवटे आधी घासून काढावेत, खोलगट भाग सेल्फ-लेव्हलिंग मिश्रणाने किंवा दुरुस्तीच्या मसाल्याने आधीच भरावेत. बाथरूममध्ये उतार साधारण १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर असावा. तो कोब्यातच काढावा, टाइल बसवताना नव्हे. त्याच्या आधी वॉटरप्रूफिंग करून पाणी किमान २४ तास साठवून ठेवावं आणि खालच्या छताला ओल येते का, ते पाहावं.

कोणती भेग भरायची, कोणती मोकळी ठेवायची

कोब्यावरच्या केसाएवढ्या, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा आकसण्यामुळे आलेल्या असतात. कोबा स्लॅबला चिकटलेला असेल आणि ठोकल्यावर भरीव वाजत असेल, तर त्या धोक्याच्या नसतात. लाकडी दांड्याने सगळीकडे ठोकून पाहावं. जिथे आवाज पोकळ येतो, तिथे कोबा स्लॅबपासून सुटलेला असतो. तेवढा भाग तोडून पुन्हा करणं हाच इलाज.

रुंद, सरळ, दोन्ही कडा खाली-वर झालेली भेग हलती असू शकते. ती भरून वर टाइल बसवली, तर तीच भेग टाइलमध्ये उमटेल. काँक्रीटमध्ये मुद्दाम सोडलेले सांधेही असेच हलते असतात. टाइलमध्येही त्याच रेषेवर सांधा ठेवून तो ग्राउटऐवजी, म्हणजे सांधे भरण्याच्या कडक मसाल्याऐवजी, लवचीक सीलंटने भरावा. मोठ्या हॉलमध्ये ८ ते १० मीटरवर असा एक सांधा हवा. भिंतीलगत चारी बाजूंनी ५-६ मिलिमीटर जागा सोडावी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दोन टाइल्समध्ये २ ते ३ मिलिमीटरचा सांधा ठेवावा. सांधा न सोडता कडेला कड लावलेल्या टाइल्स सुंदर दिसतात, पण रेट्याला वाट उरत नाही.

तळमजल्याचा वेगळा प्रश्न

तळमजल्यावर कोब्याखाली स्लॅब नसतो, भर असते. विदर्भ आणि मराठवाड्यातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याच्या भरावात ती राहिली, तर वरचा कोबा कितीही चांगला असो, तो तिच्याबरोबर हलणारच. भर मुरमाची असावी, १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुम्मसाने किंवा यंत्राने दाबलेली. त्यावर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट. जमिनीतून वर चढणारी ओल थांबवण्यासाठी मधे जाड प्लास्टिकचा थर द्यावा. तो नसेल, तर ओलीबरोबर विरघळलेले क्षार वर येतात आणि टाइलच्या सांध्यांत पांढरे फुटतात.

थोडक्यात: टाइल बसवण्याआधीची तपासणी

- पक्का आहे का? दांड्याने ठोका, खिळ्याने ओरखडा. पोकळ आवाज किंवा भुकटी नको.
- वाळला आहे का? दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवा. खाली दव धरलं किंवा कोबा काळपट झाला, तर थांबा.
- स्वच्छ आहे का? पाण्याचे थेंब टाका. थेंब बराच वेळ तसाच राहिला, तर वर तेल, रंग किंवा मेणाचा थर आहे. क्षणात गडप झाला, तर कोबा फार तहानलेला आहे. अशा कोब्यावर प्रायमर लावावा, नाहीतर तो अॅडहेसिव्हमधलं पाणी ओढून घेईल.
- सपाट आहे का? २ मीटरच्या पाट्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको.
- काटकोनात आहे का? कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा. दोन खुणांमधलं अंतर ५ फूट हवं.
- जागा सोडली आहे का? भिंतीलगत, टाइल्समध्ये आणि जुन्या सांध्यांवर.

तयारीची मजुरी वेगळी द्या

आपल्याकडे टाइल कामाची मजुरी बसवलेल्या टाइलच्या चौरस फुटावर ठरते. कोबा खरवडणं, धूळ ओढून घेणं, खड्डे भरून पुन्हा पाटा फिरवणं, आणि मुख्य म्हणजे काही आठवडे थांबणं, यांचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. ज्या कामाचा मोबदला नाही, ते काम घाईत उरकलं जातं, यात गवंड्याचा दोष नाही. नियमच तसा आहे.

म्हणून घर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. कंत्राटाच्या कागदावर कोब्याची तयारी हे वेगळं कलम लिहून घ्या, त्याची मजुरी वेगळी द्या आणि पाणी मारण्याचे व वाळण्याचे दिवस वेळापत्रकात आधीच मांडा. टाइल्सच्या मोठ्या खर्चात ही रक्कम लहान असते. उसळलेली फरशी काढून पुन्हा बसवायचा खर्च मात्र पहिल्या खर्चापेक्षा जास्त येतो, कारण त्यात तोडफोड आणि राडारोडा बाहेर नेण्याची मजुरीही मोजावी लागते.